दहावर चिकटवलेलं बटण

प्रमिलाबाई सुरवाडे फेस करायच्या. साबणाचा नव्हे, सलाइनचा. दोन सिरिंज घ्यायच्या, त्या तीन तोंडांच्या प्लास्टिकच्या तोटीने जोडायच्या. एकीत नऊ भाग सलाइन, त्यात पेशंटच्याच शिरेतून ओढलेलं थोडं रक्त आणि जेमतेम एक भाग हवा. मग एका सिरिंजचा दट्ट्या दाबून सगळं दुसरीत ढकलायचं, दुसरीचा दाबून पुन्हा पहिलीत. असं वीस वेळा, ताक घुसळल्यासारखं. गुलाबीसर, दाट फेस झाला की सिरिंज उभी धरून क्षणभर थांबायचं, वर आलेले मोठे बुडबुडे बाहेर टाकायचे आणि उरलेला फेस हाताच्या शिरेत एका दमात सोडायचा.

यातले बुडबुडे केसाच्या जाडीहूनही लहान. ते हृदयाच्या उजव्या बाजूत शिरले की सोनोग्राफीच्या पडद्यावरचा काळा कप्पा एकदम दुधासारखा पांढरा होतो. मशीन सेकंदाला पंचवीस लाख कंपनांचा, माणसाला ऐकू न येणारा आवाज छातीत सोडतं. रक्तातून तो मुकाट पार जातो, हवेच्या बुडबुड्यावरून मात्र उसळून परत येतो. पुढे फुप्फुसं लागतात. तिथल्या बारीक जाळीत हा फेस अडकतो आणि विरून जातो, डाव्या बाजूला पोचतच नाही. म्हणून डाव्या कप्प्यात पांढरे ठिपके दिसले तर समजायचं की हृदयाच्या दोन बाजूंमधल्या पडद्याला भोक आहे आणि फेस चोरवाटेने पलीकडे गेला आहे.

धुळ्याच्या देवपूर भागात डॉ. रतिलाल भंडारी यांच्या बारा खाटांच्या हॉस्पिटलात ही तपासणी १९८६ पासून होत होती. मशीन मुंबईहून जुनं आणलेलं. प्रमिलाबाई मूळच्या सावद्याकडच्या. वडील झिपरू तायडे केळीचे घड कापणाऱ्या टोळीत होते, आई दुसऱ्यांच्या शेतात निंदणीला जायची. मॅट्रिक झाल्यावर बाई जळगावला नर्सिंग शिकल्या, लग्न होऊन धुळ्याला आल्या, आणि मशीन आलं तेव्हा डॉक्टरांनी त्यांना त्या खोलीत बसवलं. दोन वर्षांत असं झालं की पडदा पाहायचे डॉक्टर, पण फेस करायच्या प्रमिलाबाईच. दुसऱ्या कुणाच्या हाताला तो साधेना. डॉक्टर पाहुण्या डॉक्टरांना कौतुकाने सांगायचे, "आमच्या सिस्टरचा फेस म्हणजे सायीचं दूध." बाई वरवर लक्ष नाही असं दाखवायच्या, पण तो शब्द मनात घडी घालून ठेवायच्या.

म्हणूनच १९९२ च्या दिवाळीनंतर फेस बिघडू लागला तेव्हा त्या कुणाला काही बोलल्या नाहीत.

बिघडला म्हणजे सिरिंजमध्ये तो पूर्वीसारखाच दिसायचा. पडद्यावर मात्र उजवा कप्पा धड पांढरा व्हायचा नाही. धुरकट व्हायचा, आणि बघता बघता विरायचा. बाईंना वाटलं, आपलं वय त्रेचाळीस झालं, बोटांतला जोर ओसरला असेल. हे कबूल करायचं म्हणजे हातातलं यश गेलं असं कबूल करायचं. त्यांनी वीसऐवजी तीस वेळा घुसळायला सुरुवात केली आणि गप्प राहिल्या. पाच महिने गप्प राहिल्या.

त्यानंतरच्या एप्रिलमध्ये कमलबाई आली.

कमलबाई चोवीस वर्षांची, दोंडाईच्याजवळच्या एका खेड्यातली सून. चार महिन्यांत तिला तीनदा झटका आला होता. उजवा हात लुळा पडायचा, तोंड वाकडं व्हायचं, शब्द फुटायचा नाही. अर्ध्या तासात सगळं पूर्ववत. दवाखान्यात पोचेपर्यंत दाखवायला काही शिल्लक नसायचं. पहिल्यांदा हंडा डोक्यावर चढवताना झालं, दुसऱ्यांदा कापसाचं गाठोडं उचलताना, तिसऱ्यांदा चिखलात रुतलेली गाडी ढकलताना. आधी घरात बाहेरचं काही असेल म्हणून उतारे झाले. मग सासूने, सुंदरबाईने, स्वतःचं निदान केलं. ते ती दवाखान्याच्या बाकावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत होती.

"काम दिखनं का हिना हात पडस. जेवाना वखतले कसा पडत नही?"

नवरा मगन ट्रॅक्टर चालवायचा. तो शेजारी मान खाली घालून टोपीची कड चाचपत बसलेला. आईला उलटून बोलायचं धाडस नव्हतं, आणि बायकोला खोटी म्हणवत नव्हतं. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, बारा दिवसांवर आली होती. आखाजीला खान्देशातल्या सगळ्या लेकी माहेरी जातात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. सुंदरबाईने जाहीर केलं होतं की डॉक्टरने काही दुखणं दाखवलं नाही तर सून आखाजीला माहेरी जाईल ती तिथेच राहील. अशी कामचोर आणि वर येडी सून आपल्याला नको.

कमलबाईला हे सगळं ऐकू येत होतं. खोलीत आल्यावर ती प्रमिलाबाईंना एवढंच म्हणाली, "ताई, मना हात मनं आयकत नही तवय. मी काय करू?"

सोमवारी तपासणी झाली. बाईंनी तीस वेळा घुसळून फेस सोडला. उजवा कप्पा धुरकटला, दोन-चार ठोक्यांत पुन्हा काळा झाला. डावीकडे काही आलं नाही. डॉक्टरांनी दोनदा पाहिलं, दिवा लावला आणि बाहेर येऊन घरच्यांना सांगितलं की हृदय साफ आहे, भोक नाही. झटके बहुधा मनाचे असावेत, मानसोपचाराच्या डॉक्टरांना दाखवा. अशक्तपणा आहे म्हणून शुक्रवारपर्यंत इथे राहू द्या.

सुंदरबाईने मगनकडे असं पाहिलं, जणू पंचायतच जिंकली.

प्रमिलाबाई आत सिरिंज धूत होत्या. त्यांच्या हातून पाणी सांडत राहिलं. एक साधा हिशेब त्यांना सोडेना. उजवा कप्पाच जर नीट भरला नाही, तर डावीकडे काही आलं नाही असं म्हणायचं तरी कशाच्या जोरावर? विहिरीला पाणीच नसेल तर पाट फुटला की नाही ते कसं कळणार?

दुपारची ओपीडी संपल्यावर त्या डॉक्टरांच्या टेबलापुढे उभ्या राहिल्या आणि हेच बोलून दाखवलं. पाच महिने फेस बसत नाही हेही सांगितलं. ते सांगताना त्यांचा चेहरा तापला. डॉक्टर भंडारी वाईट माणूस नव्हते, पण चाळीस पेशंट तपासून उठलेला माणूस नव्या शंकेला सहसा जागा देत नाही. ते म्हणाले की पुन्हा तपासणी करायची नाही. भोक नसेल तर गरज नाही, आणि असेल तर हवा पुन्हा पुन्हा शिरेत सोडून ती डोक्यात जायचा धोका कशाला घ्यायचा.

"मग साहेब, रिपोर्टवर साफ लिहू नका. दिसलं नाही एवढंच लिहा."

"त्याने तिच्या सासूला काय फरक पडणार आहे?" डॉक्टर चष्मा पुसत म्हणाले. ते खरंच होतं. मग चष्मा डोळ्यांवर चढवत ते म्हणाले, "फेस का बसत नाही ते शोधून काढा. कारण हातात घेऊन या. नुसती शंका आणलीत तर मी तिला दुसऱ्यांदा टोचणार नाही. शुक्रवारी सकाळी तिला घरी सोडायचं आहे."

बाईंनी पदर खोचला.

मंगळवारी त्यांनी स्वतःच्या हातांवर खटला चालवला. जेवणाच्या सुट्टीत खोली बंद करून फेस केला. वीस वेळा, तीस वेळा, पन्नास वेळा. काचेच्या सिरिंजने, प्लास्टिकच्या सिरिंजने. नव्या बाटलीतल्या सलाइनने, कूलरपुढे थंड केलेल्या सलाइनने. रक्त हवं म्हणून स्वतःच्याच शिरेतून काढलं. प्रत्येक वेळी फेस काचेच्या ग्लासात ओतला आणि घड्याळ लावून पाहत बसल्या. कुठलाही फेस दोन मिनिटांच्या आत विरला नाही. मुलाच्या जुन्या वहीत त्यांनी लिहिलं: हात चांगले. सलाइन चांगलं. मग फेस बिघडतो तो शरीरात जाऊन बिघडतो, किंवा मशीनपुढे.

शरीरात आणि मशीनपुढे यांतलं एक वजा करायचं तर शरीराशिवाय मशीन लावून पाहायला हवं. बुधवारी त्यांनी ऑपरेशन थिएटरमधला मोठा एनॅमलचा ट्रे आणला, पाण्याने भरला आणि त्यातून सलाइन लावायची पारदर्शक नळी आडवी नेली. वरून बाटलीतलं पाणी नळीतून संथ वाहू दिलं. ही त्यांची शीर. ट्रेच्या कडेने मशीनचा प्रोब, म्हणजे एरवी पेशंटच्या छातीवर टेकवायचा दांडा, पाण्यात धरला. पडद्यावर नळीच्या दोन रेघा आणि मध्ये काळी पोकळी दिसली. हे त्यांचं हृदय. कामवाल्या मावशींनी दार उघडून पाहिलं आणि विचारलं, "सिस्टर, नळीले काय व्हयनं? ताप येल शे का?" बाईंनी हसत त्यांना नळी धरायला बसवलं.

फेस सोडला. पोकळी धुरकटली आणि काळी झाली. अगदी पेशंटमध्ये व्हायचं तसंच. म्हणजे शरीर निर्दोष सुटलं.

आता बारीक पाहायला हवं होतं. बाईंनी बाटलीची तोटी बंद केली, म्हणजे नळीतला फेस वाहून न जाता जागीच राहील. पडद्यावर तरी तो गेलाच. डोळ्यांनी नळीत पाहिलं तर प्रोबच्या समोरचा बोटभर भाग पाण्यासारखा स्वच्छ, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना फेस जसाच्या तसा. त्यांनी मशीनचा रक्तप्रवाह ऐकायचा भोंगा चालू केला. नवा फेस समोर सरकवला तेव्हा भोंग्यातून तडतड ऐकू आली, तापल्या कढईत ज्वारीच्या लाह्या फुटाव्यात तशी. मग शांतता.

चित्र थांबवायचं एक बटण असतं. ते दाबलं की मशीन आवाज सोडायचं थांबतं आणि शेवटचं चित्र तसंच राहतं. बाईंनी ते दाबलं, ताजा फेस समोर आणला, पाच मोजले आणि बटण सोडलं. पडद्यावर नळी लख्ख पांढरी झळकली. आणि डोळ्याची पापणी लवायच्या आत काळी झाली. पुन्हा केलं. पुन्हा तसंच. दहा वेळा केलं.

बाई स्टुलावर बसल्या. मशीन पाहत नाही तोवर फेस जिवंत असतो. मशीनने पाहिला की फुटतो. आपण ज्या आवाजाने त्याला शोधतो, त्याच आवाजाने त्याला मारतो.

पण मग १९८६ पासून सहा वर्षं तो का फुटला नाही? आवाज तर तेव्हाही होता. त्यांनी मशीनच्या पुढच्या भागाकडे पाहिलं, आणि तिथे त्यांना स्वतःचं अक्षर दिसलं.

आवाजाचा जोर कमी-जास्त करायचं गोल बटण दहावर होतं आणि त्यावर आडवी पांढरी चिकटपट्टी होती. तीवर निळ्या बॉलपेनने लिहिलं होतं, 'हात लावू नये'. १९९० साली जुना प्रोब ट्रॉलीवरून पडला होता. त्याच्यातला आवाज काढणारा स्फटिक तडकला आणि चित्र अंधूक झालं. मुंबईचा माणूस म्हणाला, नवा येईपर्यंत जोर पूर्ण दहावर ठेवा, कुणाला फिरवू देऊ नका. डॉक्टरांनी सांगितलं, बाईंनी पट्टी कापली, चिकटवली आणि लिहिलं. तडकलेला प्रोब दहावर ओरडायचा तरी त्याचा आवाज पूर्वीच्या चारइतकाच निघायचा. मग १९९२ च्या दिवाळीच्या तोंडावर नवा, ठणठणीत प्रोब आला. जुना गेला. पट्टी राहिली. रोज सकाळी स्पिरिटने मशीन पुसताना बाई त्या पट्टीच्या कडेकडेने अदबीने फडकं फिरवायच्या.

त्यांनी पट्टी नखाने सोलून काढली.

त्या दिवशी आणि गुरुवारी दुपारी त्यांनी एकेका आकड्यावर फेस धरून पाहिला आणि वहीत तक्ता केला. दहावर फेस एका झळकीत खलास. आठवर तीन सेकंद. सहावर दहा-बारा. चारवर मिनिटभर टिकला, आणि उलट दहापेक्षा पांढरा दिसला. दोनवर टिकला पण फिका. तक्ता पाहून बाईंना पटेना, म्हणून त्यांनी तो पुन्हा पहिल्यापासून केला. मांस, हाड, झडप या सगळ्यांना दुप्पट जोराने हाक मारली की दुप्पट उत्तर येतं. कापूस तोलायच्या काट्यासारखा सरळ व्यवहार. बुडबुडा तसा नाही. थोडं ओरडलं तर नीट ओ देतो, जास्त ओरडलं तर फुटून जातो. त्यांना टोळीतले वडील आठवले. घड काढणीला आलाय की नाही ते झिपरू केळाच्या कडा पाहून सांगायचे. दाबून पाहणाऱ्याला ते टोळीत घेत नसत, कारण दाबणाऱ्याला केळं कळायचं नाही आणि व्यापाऱ्याला डाग मिळायचा.

तरी एक गोष्ट राहिली होती. ही आपली समजूत की खरंच असं असतं? गुरुवारी चार वाजता त्या कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर गेल्या आणि नाशिकला रुपचंदला फोन लावला. रुपचंद हा मशीनची देखभाल करणारा इंजिनियर, मूळचा पाचोऱ्याचा, धुळ्याच्या पॉलिटेक्निकमध्ये शिकलेला. नवा प्रोब त्यानेच बसवला होता. बाईंनी तक्ता वाचून दाखवला. मग तो म्हणाला की पट्टी त्याने पाहिली होती, पण ती डॉक्टरांची पसंती असेल असं वाटून विचारलं नाही. आणि मग तो खुलला.

"ताई, बुडबुडा फार लबाड असतो. दाबताना कंजूष, फुगताना उधळ्या. आवाजाची लाट त्याला जितकी दाबते तितका तो दबत नाही, पण ताण सुटला की जास्तच फुगतो. म्हणून त्याचं उत्तर आपल्या आवाजाची नक्कल नसते. लग्नातला कर्णा फुल केला की आवाज फाटतो ना, तसं. आपण एक सूर घालायचा, तो त्यात दुप्पट पट्टीचा सूर मिसळून परत देतो. परदेशात लोक तो दुप्पट सूर तेवढा वेगळा ऐकायच्या मागे लागलेत. मांस तसा सूर जवळजवळ देतच नाही, त्यामुळे जिथून तो आला तिथे बुडबुडा नक्की."

"आणि जोर आणखी वाढवला तर?"

"तर फुटतो. तुम्ही लाह्या ऐकल्यात त्याच."

बाईंनी तीन मिनिटांच्या आत फोन ठेवला. संध्याकाळी पाचला त्यांनी डॉक्टरांना खोलीत बोलावलं. काही समजावून सांगितलं नाही. ट्रे, नळी, फेस. बटण दहावर, मग चारवर. डॉक्टर उभे होते ते बसले. त्यांनी स्वतः बटण फिरवून चार वेळा पाहिलं, वही मागून घेतली, तक्त्यावरून बोट फिरवलं.

"ही पट्टी मी लावायला सांगितली होती," ते म्हणाले.

"लावली मी. नवा प्रोब आला तेव्हा ती मीच काढायला हवी होती. आणि फेस बसत नाही हे पाच महिने तुम्हाला सांगितलं नाही, तेही मीच."

डॉक्टरांनी वाद घातला नाही. हवेच्या धोक्याचा मुद्दा मात्र सोडला नाही. मात्रा निम्मी, मोठे बुडबुडे काटेकोर काढलेले, आणि कमलबाईला सगळं सांगून, तिची हरकत नसेल तरच, असं ठरलं. कमलबाईला बाईंनी स्वतः वॉर्डात जाऊन सांगितलं. थोडा धोका आहे, आणि याही वेळी काही दिसलं नाही तर मग खरंच काही नाही असं समजावं लागेल. ती बराच वेळ उजव्या हाताची बोटं मिटत-उघडत राहिली. मग म्हणाली, करा.

शुक्रवारी सकाळी साडेआठला तिला टेबलावर घेतलं. बाईंनी वीसच वेळा घुसळलं. सिरिंज उभी धरली, थांबल्या, वरचे बुडबुडे टाकले. बटण चारवर होतं. फेस सोडला आणि उजवा कप्पा असा भरला की डॉक्टरांच्या तोंडून 'वा' निघून गेलं. डावा काळाच. दहा ठोके झाले, काळाच. डॉक्टरांनी खांदे सैल सोडले.

बाईंनी ते पाहिलं. पण त्यांना गेले चार दिवस बाकावरच्या सुंदरबाईचं एक वाक्य डसत होतं. काम दिसलं की हिचा हात पडतो. हंडा, गाठोडं, रुतलेली गाडी. तिन्ही वेळी पोरीने जोर केला होता. श्वास कोंडून जोर केला आणि सोडला की उजव्या बाजूचा दाब क्षणभर वाढतो, हे त्या डॉक्टरांकडूनच शिकल्या होत्या. एरवी मिटलेलं दार तेवढ्या क्षणापुरतं उघडत असेल तर?

"साहेब, आणखी एकदा. निम्म्याच मात्रेने. या वेळी तिला जोर करू दे."

डॉक्टरांनी होकारार्थी मान डोलावली. फेस तयार झाला. बाई कमलबाईच्या कानाशी वाकल्या आणि तिच्याच बोलीत म्हणाल्या, "बेटा, हंडा डोकावर चढावतीस ना, तसा जोर धर. धर. धरी ठेव." आणि फेस सोडला. "आते सोड."

उजवीकडचं दूध पडद्यापाशी येऊन डचमळलं, आणि मधल्या पडद्याच्या बरोबर मध्यातून पांढऱ्या ठिपक्यांची एक चिळकांडी डावीकडे उडाली. दहा, पंधरा, वीस. डाव्या कप्प्यात ते चुन्याच्या कणांसारखे गरगरत राहिले. व्हिडिओची टेप फिरत होती. बाईंचं लक्ष पडद्यावर नव्हतं. त्या कमलबाईच्या उजव्या हाताची बोटं दाबून विचारत होत्या, लागतं का, हलवून दाखव, तुझं नाव सांग. तिने हात हलवला. नाव सांगितलं. वडिलांचंही सांगितलं.

रिपोर्टवर डॉक्टरांनी आधीचा शेरा खोडून नवा लिहिला. वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यात जन्मापासून अर्धवट मिटलेली फट आहे, जोर केला की उघडते. तिथून रक्ताची बारीक गुठळी पलीकडे जाऊन डोक्यात पोचत असावी. रक्त पातळ ठेवायची गोळी, जड उचलणं बंद, आणि मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांच्या नावाने चिठ्ठी.

पण सुंदरबाईला कागदावर विश्वास नव्हता. इंग्रजीत काय, काहीही लिहितात. तेव्हा प्रमिलाबाईंनी तिला आत नेलं, स्टुलावर बसवलं आणि टेप पुन्हा लावली. हा कप्पा, हा पडदा, आता सून जोर करते, आता सोडते. चिळकांडी उडाली तशी म्हातारी पुढे सरकली. तिने टेप तीनदा लावायला लावली. तिसऱ्या वेळी तिने काचेवर नेमक्या जागी बोट ठेवलं आणि तिथेच धरून राहिली. मगन दारात उभा होता. त्याने टोपी डोक्यावर घातली होती, मान वर होती.

सुंदरबाई उठली. सुनेकडे पाहिलं नाही. पदराने तोंड पुसत प्रमिलाबाईंना म्हणाली, "मंग आते हंडा मालेच उचलना पडी."

"मगनले सांग ना, मावशी. त्याचे हात काय पडतस का?"

म्हातारीने मुलाकडे असं पाहिलं, जणू हा पर्याय तिला जन्मात पहिल्यांदाच सुचला होता. तिघं दोंडाईच्याच्या एसटीने गेली. कमलबाई आखाजीला माहेरी गेली आणि मगन पाचव्या दिवशी स्वतः जाऊन तिला परत घेऊन आला, हे गोळ्या न्यायला आला तेव्हा त्यानेच सांगितलं.

इथे दुसऱ्या कुणीही हात झटकले असते. बाईंनी त्याच शुक्रवारी दुपारी तपासणीचं रजिस्टर काढलं. दिवाळीपासून दहाच्या जोरावर फेस देऊन 'साफ' ठरवलेले आणखी चार पेशंट होते. ती नावं त्यांनी डॉक्टरांपुढे ठेवली आणि या सगळ्यांना परत बोलवायचं म्हणाल्या. डॉक्टर गडबडले. गावात चर्चा होईल, या हॉस्पिटलचं मशीन खोटं निघालं म्हणून. बाई म्हणाल्या की पत्रात माझी चूक म्हणून लिहा, माझं नाव घाला. डॉक्टरांनी चार पोस्टकार्डं मागवली आणि चारही स्वतःच्या हाताने लिहिली. बाईंचं नाव घातलं नाही. स्वतःचं घातलं.

पंधरा दिवसांत तिघं आले. चारच्या जोरावर तिघांचाही उजवा कप्पा दुधासारखा भरला. दोघं खरोखरच साफ निघाले. तिसऱ्याच्या डावीकडे ठिपके आले. त्याला डॉक्टरांनी खुर्चीवर बसवून अर्धा तास समजावलं, आणि तो गेल्यावर बराच वेळ पुढचा पेशंट आत सोडला नाही.

चौथं पोस्टकार्ड परत आलं. लिलाबाई, वय एकतीस, अमळनेरच्या तेल गिरणीमागची वस्ती. वर पोस्टमनने लिहिलं होतं, पत्ता सोडून गेले.

रविवारी प्रमिलाबाईंनी सकाळची अमळनेरची एसटी धरली. गिरणीमागच्या वस्तीत त्यांनी सात घरं विचारली. पाच जणांना लिलाबाई माहीत नव्हती. सहाव्या घरातली बाई आधी संशयाने पाहत राहिली, वसुलीवाली वाटली असावी. सातव्या घरी एका म्हाताऱ्या आबांनी बसायला पोतं टाकलं, पाणी दिलं आणि सांगितलं की नवऱ्याचं काम सुटलं म्हणून ती दोघं पाचोऱ्याला गेली, तिच्या भावाकडे. भाऊ स्टेशनजवळ सायकली दुरुस्त करतो.

"तुमी कोन तिच्या?" आबांनी विचारलं.

"कुणी नाही. दवाखान्यातली आहे. तिची एक तपासणी आमच्याकडून चुकली."

आबा हसले. एवढ्यासाठी कुणी एवढ्या उन्हात येतं का, म्हणाले. तपासणीच ती. बाईंनी पाणी संपवलं, तांब्या पालथा घातला आणि गाडीची वेळ विचारली. जळगावची गाडी दुपारी होती, तिथून पाचोरा. त्या स्टेशनवर गेल्या, खिडकीपुढच्या रांगेत उभ्या राहिल्या आणि नंबर आल्यावर जळगावचं एक तिकीट मागितलं.